न लिहिलेली एक ओळ

सरकारी दप्तरात ज्यांचे आयुष्य जाते त्यांना एका शब्दाचे मोठे समाधान वाटत असते. तो शब्द म्हणजे 'निकाली'. प्रकरण निकाली निघाले, फाइल बासनात गेली, नोंदवहीत तांबडी रेघ पडली, की टेबलावरचा माणूस सुटकेचा निःश्वास सोडतो. निकाली निघालेले प्रकरण पुन्हा उघडावे असे कोणी सुचविले, तर ते आम्हां कारकून मंडळींना बहुधा रुचत नाही. यात आळस असतोच असे नाही. निर्णयाला काही स्थैर्य हवे, कालचा हुकूम आज उलटला तर राज्यकारभार चालावयाचा कसा, हा विचारही त्यामागे असतो आणि तो खोटा नाही. परंतु निर्णयाचे स्थैर्य आणि निर्णयाचा खरेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाली म्हणजे काय होते, हे आपल्या देशातील अपंग सैनिकांच्या निवृत्तिवेतनाच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल. घरापासून दूर, परप्रांतात नोकरी करणाऱ्या आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या टेबलांवरून कोणाचे ना कोणाचे निवृत्तिवेतन जातच असते. म्हणून हा इतिहास येथे थोड्या विस्ताराने सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम मूळ नियम पाहू. भूसेनेसाठी १९६१ साली निवृत्तिवेतनाचे जे विनियम झाले त्यांतील १७३ वा विनियम या सर्व वादाचा पाया होय. त्याचा आशय असा : जो सैनिक अपंगत्वामुळे सेवेतून कमी केला गेला, ज्याचे अपंगत्व लष्करी सेवेमुळे उद्भवलेले किंवा लष्करी सेवेमुळे बळावलेले आहे, आणि ज्याच्या अपंगत्वाचे प्रमाण शेकडा २० किंवा त्याहून अधिक ठरले आहे, त्याला अपंगत्व-निवृत्तिवेतन मिळावे. या वेतनाचे दोन भाग असतात. एक त्याने केलेल्या सेवेचा आणि दुसरा त्याला आलेल्या अपंगत्वाचा.

वाचावयास हा नियम सरळ आहे. रणांगणावर गोळी लागून पाय गेला तर तेथे शंकेला जागाच नसते. परंतु सैनिक केवळ गोळीनेच निकामी होतो असे नाही. कोणाला अपस्मार जडतो, कोणाचे हृदय दगा देते, कोणाच्या मनाचा तोल सुटतो. हा आजार सेवेने दिला, की तो माणूस जन्मतःच आपल्या रक्तात घेऊन आला होता? याचे बिनचूक उत्तर पुष्कळदा वैद्यकशास्त्रालाही देता येत नाही. मग ज्या प्रश्नाचे उत्तर निश्चित देता येत नाही, त्यात सिद्ध करण्याचा भार कोणी वाहावयाचा, सैनिकाने की सरकारने? सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरत आला आहे.

हा प्रश्न प्रथम आपल्याकडे उपस्थित झाला असे नव्हे. दुसरे महायुद्ध चालू असताना इंग्लंडातही त्यावरून मोठी खळबळ उडाली होती. तेथे युद्धाच्या पहिल्या वर्षांत आपला आजार सेवेमुळेच झाला हे दाखविण्याचा भार सैनिकावर होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाने, अथवा त्याच्या पश्चात त्याच्या विधवेने, वैद्यकाच्या आणि युद्धखात्याच्या कागदांतून आपले म्हणणे सिद्ध करावे अशी ती अपेक्षा होती. लोकमताच्या दडपणाने १९४३ साली ही व्यवस्था बदलली. त्या वर्षीच्या राजाज्ञेने सांगितले की दावेदारावर कोणत्याही प्रकारे सिद्धतेचा भार असणार नाही आणि वाजवी शंकेचा फायदा त्यालाच मिळेल. शिवाय सैन्यात प्रवेश करतानाच्या वैद्यकीय अहवालात ज्या आजाराची नोंद नाही, तो आजार सेवेशी संबंधित आहे असेच धरून चालावे. विरुद्ध पुरावा असेल तरच ते नाकारावे. त्याच वर्षी निवृत्तिवेतनविषयक अपिलांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांचा कायदाही झाला.

कायदा बदलला म्हणून कचेऱ्यांची रीत लागलीच बदलते असे मात्र नाही. खाते आणि न्यायाधिकरणे जुन्याच वळणाने जात राहिली. पुढे १९४५ साली या अपिलांचे काम न्यायमूर्ती डेनिंग यांच्याकडे आले. १९४६ चा स्टार खटला आणि १९४७ चा मिलर खटला यांसारख्या निर्णयांतून त्यांनी राजाज्ञेतील शब्दांना त्यांचा खरा अर्थ मिळवून दिला. शंका वाजवी असावयास हवी, केवळ कल्पनेच्या भराऱ्या चालणार नाहीत, हेही त्यांनी सांगितले. म्हणजे प्रत्येक दावेदाराला मागेल ते द्यावे असा त्यांचा आग्रह नव्हता. नियमाने भार ज्याच्या खांद्यावर ठेवला आहे त्यानेच तो वाहावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

आता आपल्या देशाकडे वळू. १९८२ साली भारत सरकारने अपघात व आजार यांसंबंधीच्या निवृत्तिवेतनाचे पात्रता-नियम केले. ते वाचताना १९४३ च्या त्या राजाज्ञेची आठवण झाल्यावाचून राहत नाही, इतके दोहोंतील विचाराचे साम्य आहे. यातील पाचव्या नियमाने असे गृहीत धरले आहे की, भरतीच्या वेळी ज्या व्याधी नोंदल्या गेल्या तेवढ्या सोडल्यास सैनिक शरीराने व मनाने निरोगीच होता, आणि पुढे त्याची प्रकृती ढासळून तो सेवेतून कमी झाला तर ती सेवेमुळेच ढासळली. नववा नियम म्हणतो की आपली पात्रता सिद्ध करा असे दावेदाराला सांगितले जाणार नाही आणि वाजवी शंकेचा फायदा त्यालाच द्यावयाचा. चौदाव्या नियमाने यापुढचे पाऊल टाकले आहे. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सर्वसाधारणपणे सेवेतच उद्भवला असे समजावे. तो आजार भरतीच्या तपासणीत कळून येण्यासारखाच नव्हता असे डॉक्टरांचे मत असेल, तर मात्र तसे समजू नये. पण ते मत देताना डॉक्टरांनी कारणे नमूद केली पाहिजेत.

वाचकांनी या शेवटच्या अटीकडे विशेष लक्ष द्यावे. भरतीच्या दिवशी उमेदवाराला सरकारचाच डॉक्टर तपासतो. छाती मोजली जाते, डोळे पाहिले जातात, आणि 'योग्य' असा शेरा पडतो. तो कागद सरकार लिहिते आणि सरकारच जपून ठेवते. त्यात आजाराची ओळ लिहिलेली नसेल, तर ती न लिहिलेली ओळ हाच सैनिकाचा पुरावा. ज्या सरकारने त्याला निरोगी म्हणून आत घेतले, त्याच सरकारने आठ-दहा वर्षांनी 'तू मुळातच आजारी होतास' असे म्हणावयाचे असेल, तर त्याने निदान कारण तरी सांगावे. नियमाचा गाभा एवढाच आहे, आणि तो समजण्यास कायद्याच्या पदवीची आवश्यकता नाही.

प्रत्यक्षात काय घडत होते? सैनिकाला कमी करताना वैद्यकीय मंडळ बसे. छापील नमुन्यात प्रश्न असत : अपंगत्व सेवेमुळे उद्भवले काय? सेवेमुळे बळावले काय? त्यांपुढे 'नाही', 'नाही' अशी उत्तरे पडत, आणि कारणाच्या रकान्यात फार तर एखादा शब्द असे : प्रकृतिगत, सेवेशी संबंध नाही. तेवढ्यावर दावा फेटाळला जाई. म्हणजे ज्या नियमाने कारणे मागितली होती त्याला निष्कर्षच कारण म्हणून परत दिला जाई. आमच्या परिभाषेत सांगावयाचे तर वरिष्ठांनी 'का?' असा शेरा मारावा आणि कनिष्ठाने त्याखाली 'होय' असे लिहून फाइल परत पाठवावी, तशातला हा प्रकार होता.

याखेरीज आणखी एक विचित्र प्रथा होती. निवृत्तिवेतनाचे दावे अलाहाबादेतील (२०१८ पासून प्रयागराज) लष्करी हिशेबखात्याच्या निवृत्तिवेतन कचेरीत जात. वैद्यकीय मंडळाने सैनिकाला समक्ष तपासून ठरविलेले अपंगत्वाचे प्रमाण, त्या सैनिकाला न पाहता, केवळ कागदांवरून तेथे कमी केले जाई. शेकडा २० च्या खाली आकडा गेला की वेतन थांबले. माजी सैनिक मोहिंदर सिंग यांच्या अपिलात १९९३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमान्य केली. वरिष्ठ वैद्यकीय मंडळाकडे न पाठविता हिशेबाची शाखा वैद्यकीय तज्ज्ञांच्या मतावर निर्णय देण्यास कशी बसू शकते, हा न्यायालयाचा प्रश्न बिनतोड होता. हिशेब तपासणे हे मानाचे काम आहे, परंतु आकड्यावरून माणसाचा पाय किती लंगडतो हे हिशेबनिसाला कळत नाही.

एवढ्याने सैनिकांची वाट निर्वेध झाली असे मात्र समजू नये. २००७ साली केशर सिंग यांच्या आणि २००९ साली ए. व्ही. दामोदरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने कौल दिला. वैद्यकीय मंडळ हे तज्ज्ञांचे मंडळ आहे, म्हणून त्याच्या मताला अग्रस्थान दिले पाहिजे, अशी त्या निर्णयांची भूमिका होती. ही भूमिका आम्ही थट्टेवारी नेऊ इच्छीत नाही. न्यायाधीश हा डॉक्टर नव्हे. निवृत्तिवेतनाचा पैसा हा करदात्याचा पैसा आहे. प्रत्येक मनुष्यास कधी ना कधी आजार होतोच, आणि सेवेत असताना झाला म्हणून प्रत्येक आजार सेवेच्या माथी मारता येणार नाही. प्रामाणिक अधिकारी असा युक्तिवाद करू शकतो आणि करीतही असतो. त्यातील उणीव एवढीच की तज्ज्ञाच्या मताचा मान हा त्याने दिलेल्या कारणांत असतो, त्याच्या सहीत नव्हे. मताला अग्रस्थान द्यावयाचे तर आधी मत हवे. एक शब्दाचा शेरा म्हणजे मत नव्हे.

हीच गोष्ट पुढे धरमवीर सिंग यांच्या खटल्यात निर्णायक ठरली. त्याच्या तारखा क्रमाने मांडल्या म्हणजे वेगळ्या भाष्याची गरज उरत नाही. हा तरुण जून १९८५ मध्ये सिग्नल दलात भरती झाला. भरतीच्या कागदांत कोणत्याही आजाराची नोंद नव्हती. सुमारे नऊ वर्षे नोकरी झाल्यावर अपस्मारामुळे शेकडा २० कायम अपंगत्व ठरवून एप्रिल १९९४ मध्ये त्याला कमी करण्यात आले. आजाराचा सेवेशी संबंध नाही असे मंडळाने लिहिले आणि अपंगत्व-वेतनाचा दावा फेटाळला गेला. तो हिमाचल प्रदेशच्या उच्च न्यायालयात गेला. २००४ साली एका न्यायाधीशाने त्याच्या बाजूने निकाल दिला. सरकारने अपील केले, आणि २००९ साली दोन न्यायाधीशांच्या पीठाने तो निकाल फिरविला. मग तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २ जुलै २०१३ रोजी तेथे जिंकला. कमी केल्यापासून एकोणीस वर्षे लोटली होती.

सर्वोच्च न्यायालयाने या निकालात नवा हक्क निर्माण केला नाही, आणि या निकालाचे महत्त्वही आमच्या मते यातच आहे. न्यायालयाने १९८२ चे नियम समोर ठेवले आणि ते एकापुढे एक वाचले. भरतीच्या वेळी नोंद होती काय? नव्हती. मंडळाने कारणे दिली काय? दिली नाहीत. मग गृहीतक सैनिकाच्या बाजूचे. ते खोडून काढण्याचा भार सरकारवर, आणि सरकारने तो उचललेला नाही. एकतीस वर्षे जे शब्द नियमपुस्तकात छापलेले होते ते जणू कोणी प्रथमच मोठ्याने वाचून दाखविले. जुन्या निर्णयाविरुद्ध दाद मागणारा मनुष्य दया मागतो असे आपण समजतो. पुष्कळदा तो आपल्यालाच आपला नियम वाचावयास सांगत असतो.

यानंतर निकालांची एक मालिकाच सुरू झाली. २०१४ साली सुखविंदर सिंग यांच्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की, ज्याला अपंगत्वामुळे नोकरीतूनच काढले, त्याचे अपंगत्व शेकडा २० हून कमी आहे असे म्हणणे विसंगत होय. जो नोकरीस लायक नाही इतका अपंग आहे, तो वेतनास पात्र होण्याइतका अपंग नाही, हे कसे? त्याच वर्षीच्या डिसेंबरात राम अवतार खटल्याचा निकाल लागला. तेथील प्रश्न अपंगत्वाचे प्रमाण वरच्या टप्प्यावर नेण्याचा होता. १९९६ पासून लागू झालेल्या सवलतीप्रमाणे शेकडा ५० हून कमी अपंगत्व हे ५०, त्यापुढे ७५ पर्यंतचे ७५, आणि त्यावरचे १०० धरावयाचे असे ठरले होते. परंतु ही सवलत अपंगत्वामुळे मुदतीपूर्वी कमी केलेल्यांनाच मिळे. अपंगत्व घेऊनही ज्याने आपली मुदत पुरी केली त्याला ती नाकारली जात होती. अधिक काळ सेवा केली हाच जणू त्याचा अपराध ठरला होता. न्यायालयाने हा भेद मानला नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत राजबीर सिंग यांच्या खटल्यात सरकारची अनेक अपिले एकत्र निघाली. वेगवेगळ्या आजारांच्या त्या सर्व प्रकरणांत धरमवीर सिंग खटल्याचेच तत्त्व लागू करून ती फेटाळण्यात आली.

दाद मागण्याचे दारही या काळात बदलले. पूर्वी सैनिकाला खात्यांतर्गत अपिलांच्या पायऱ्या चढून शेवटी उच्च न्यायालय गाठावे लागे. २००७ च्या कायद्याने सशस्त्र सेना न्यायाधिकरण निर्माण झाले आणि २००९ च्या ऑगस्टमध्ये त्याचे काम सुरू झाले. मुंबईतही त्याचे एक पीठ बसते. न्यायाधिकरणाच्या निकालावर उच्च न्यायालयात जाता येईल काय, यावर २०१५ साली आलेला निर्णय प्रतिकूल होता. त्यामुळे सामान्य शिपायाला एकदम दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय गाठण्यावाचून मार्ग उरला नव्हता. २०२३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने परशोत्तम दास खटल्यात उच्च न्यायालयाचे दार पुन्हा मोकळे केले.

परंतु या इतिहासाची एक दुखरी बाजू आहे आणि ती विजयाच्या वर्णनात झाकली जाऊ नये. ती बाजू काळाची. तरसेम सिंग नावाचा सैनिक १९८३ च्या नोव्हेंबरात अपंगत्वामुळे कमी झाला आणि वेतनासाठी १९९९ साली उच्च न्यायालयात गेला. मध्ये सोळा वर्षे गेली. वेतन त्याला मिळावयास हवे यावर वाद उरला नव्हता. प्रश्न होता तो मागील थकबाकी किती वर्षांची द्यावयाची हा. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, निवृत्तिवेतन न देणे हा दर महिन्याला नव्याने घडणारा अन्याय आहे, म्हणून उशीर झाला तरी दावा बुडत नाही. मात्र थकबाकी मिळेल ती अर्ज करण्यापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच. सर्व हिशेब एका ओळीत सांगता येतो : हक्क सोळा वर्षांचा, पैसे तीन वर्षांचे.

या तत्त्वाची सोय आम्हांस समजते. अनिश्चित काळापर्यंतचे देणे कोणत्याही खजिन्याला परवडणारे नाही. परंतु तो सैनिक सोळा वर्षे का थांबतो, हे पाहावयास नको काय? सातारा जिल्ह्यातील अपशिंग्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस सैन्यात धाडणाऱ्या गावाची कल्पना करा. तेथे परतलेल्या शिपायाच्या हाती इंग्रजीत छापलेले एक पत्र असते : दावा अमान्य. १९८२ चे नियम म्हणजे काय, नववा आणि चौदावा नियम कोणता, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. सरकारी शिक्क्याचा कागद म्हणजे शेवटचा शब्द, असा विश्वास त्याला शिस्तीनेच शिकविलेला असतो. हुकूम मोडावयाचा नाही हे जो आयुष्यभर शिकला, त्याला हुकुमाविरुद्ध अपील करता येते हे उशिरा कळले तर नवल ते काय? ज्या विलंबाची किंमत तो तेरा वर्षांच्या वेतनाने मोजतो, त्या विलंबाचे एक कारण नकाराच्या पत्रात न सांगितलेली कारणे हेही असते. कारण कळले असते तर उत्तर देता आले असते.

सरकारलाही या खटल्यांच्या ढिगाची जाणीव झाली नाही असे नाही. मूळचे गोव्याचे असलेले मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१५ साली त्यांनी सेवा व निवृत्तिवेतन यांविषयीचे खटले आणि तक्रारी कमी करण्याचे उपाय सुचविण्यासाठी एक तज्ज्ञ समिती नेमली. अपंगत्व-वेतनाची प्रकरणे हा तिच्या विचाराचा एक प्रमुख विषय होता. आपल्याच जखमी शिपायाविरुद्ध सरकारने न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्यात, हे दृश्य सरकारलाच शोभत नाही, ही भावना त्यामागे होती असे म्हणावयास हरकत नाही.

तरीही हा विषय मिटला असे म्हणता येत नाही. २१ सप्टेंबर २०२३ पासून सशस्त्र सेनांतील अपंगत्व-वेतनाचे नवे नियम अमलात आले. त्यांच्या शब्दयोजनेवरून माजी सैनिकांत आणि सरकारात वाद झाला. गैरफायदा घेणाऱ्यांना आळा हवा ही एक बाजू, आणि खऱ्या पीडितालाच त्याचा फटका बसेल ही दुसरी. त्या तारखेपूर्वी सेवेतून गेलेल्यांचे दावे मात्र जुन्याच नियमांनी पाहावयाचे आहेत. म्हणजे १९८२ ची ती पुस्तिका अजून कित्येक वर्षे टेबलावर हाताशी ठेवावी लागणार आहे.

या इतिहासातून आमच्यासारख्या कलमबहाद्दरांनी काय घ्यावे? मोठाल्या धोरणांचा निर्णय आमच्या हाती नसतो. निकाल न्यायाधीश देतात, नियम मंत्रालय करते. आमच्या हाती असतो तो एक रकाना आणि त्यात लिहावयाची एक ओळ. 'अमान्य' हा शब्द लिहावयास क्षणभर पुरतो. त्यापुढे 'कारण' लिहावयाचे म्हटले म्हणजे नियम उघडावा लागतो, जुना कागद काढावा लागतो, भरतीच्या दिवशी आपल्याच खात्याने काय लिहिले आणि काय लिहिले नाही हे पाहावे लागते. एवढे केले तर पुष्कळदा तो शब्द लिहिण्याची पाळीच येत नाही. आणि कारण खरेच असेल, तर ते स्पष्ट लिहिलेले कारण पुढच्या अपिलातही टिकते. निर्णयाचे स्थैर्य हवे असेल तर ते याच मार्गाने येते.

धरमवीर सिंगाला एकोणीस वर्षे लागली. त्याच्या प्रकरणात लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक जण प्रामाणिक असावेत, आणि प्रत्येकाने आपापल्या पायरीवर प्रकरण निकाली काढल्याचे समाधानही मानले असावे. कागद पुढे जात राहिला आणि 'का?' हा प्रश्न मागेच राहिला. तो विचारण्यासाठी शेवटी एका आजारी माणसाला दिल्लीपर्यंत जावे लागले. पुढच्या एखाद्या शिपायाला एवढा प्रवास करावा लागू नये, असे वाटत असेल तर त्याची सुरुवात न्यायालयात नव्हे, आपल्या टेबलावर व्हावयास हवी.